‘बंद नको’ म्हणजे चालू

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. यंत्रांशी माझी सोयरीक फारशी नाही. पण २००४ साली एका लहान गावी बँकेच्या शाखेत कारकून असताना एका राउटरनं मला धडा शिकवला. तो आज सांगतो.

महिन्याची पहिली तारीख. बाहेर पेन्शनवाल्यांची रांग. आदल्या रात्री विजा झाल्या आणि राउटर जळला. जिल्ह्याहून नवा राउटर एसटीनं आला. इंजिनिअर दुसऱ्या शाखेत अडकलेला. फोनवर म्हणाला, “सर, मी सांगतो तसं टाइप करा.”

निळी चपटी वायर संगणकाला जोडली. पडद्यावर ना चित्र, ना माउसचं काम. ‘एनेबल’, मग ‘कॉन्फिगर टर्मिनल’, मग ‘इंटरफेस सिरियल झीरो’. हे सिरियल म्हणजे मोडेममार्गे लीज्ड लाइनला जोडलेलं दार. त्याला आयपी पत्ता दिला. सोबत मास्क २५५.२५५.२५५.२५२, म्हणजे या गल्लीत घरं दोनच, एक आमचं, एक मुख्य कार्यालयाचं. शेवटी ‘नो शटडाउन’. राउटरचं दार मुळात बंद असतं. ‘उघड’ असा शब्दच नाही. ‘बंद नको’ म्हणावं लागतं!

तरी काम होईना. पडद्यावर आलं, सिरियल ‘अप’, लाइन प्रोटोकॉल ‘डाउन’. इंजिनिअर म्हणाला, “तार शाबूत आहे सर, बोलणं होत नाहीये.” सिस्कोच्या राउटरला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो सिरियल लाइनवर एचडीएलसी पद्धतीनं बोलतो. पलीकडचा पीपीपी बोलत होता. ‘एनकॅप्सुलेशन पीपीपी’ टाइप केलं आणि काही क्षणांत ‘डाउन’चं ‘अप’ झालं. रांग सरकू लागली. मी खुशीत फोन ठेवला.

दुपारी वीज गेली, यूपीएसनंही मान टाकली. वीज आली तेव्हा राउटर कोरा! सगळं तात्पुरत्या स्मृतीत होतं. ते कायम करणारी ओळ ऐकण्याआधीच मी फोन ठेवला होता. आता इंजिनिअरचा फोन लागेना. खिडकीशी एक म्हातारे बाबा, पायी आलेले. “साहेब, उद्या येऊ का?” त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला माझीच लाज वाटली.

कवितेची ओळ सुचली की स्लिपच्या पाठीवर उतरवायची माझी सवय. सकाळच्या आज्ञाही तशाच उतरवल्या होत्या. कचऱ्याच्या टोपलीतून ती स्लिप काढली आणि एकेक ओळ पुन्हा टाइप केली. लाइन आली. बाबांना पैसे मिळाले. मग फोन लागला, तेव्हा राहिलेली ओळ विचारून घेतली: ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’.

आता तिथे फायबर आलं, मी निवृत्त झालो. पण घरात कुणी अबोला धरला, की मला तो पडदा आठवतो. तार बहुधा शाबूत असते. आपण कोणत्या भाषेत बोलतोय, तेवढं तपासायचं.