स्वर मळविणारा डबा



तारेचा स्वर जितका निर्मळ तितका चांगला, हा संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. आज ज्या डब्याविषयीं मी बोलणार आहें, तो निर्मळ स्वर बुद्ध्या मळवितो. त्याचें नांव फझ. गिटारची, किंवा आपल्याकडील लग्नाच्या बँडांत वाजणाऱ्या बेंजोची वायर एका बाजूनें त्यांत जोडावयाची, दुसरी बाजू ध्वनिवर्धकाला. पायानें कळ दाबली कीं स्वर घोगरा, जाड आणि लांबलचक होऊन बाहेर पडतो.

या आवाजाचा जन्म बिघाडांतून झाला. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचें ध्वनिमुद्रण चालू असतां यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिन यांची बास गिटार भुंग्यासारखी गुरगुरूं लागली. गीत १९६१ सालीं तसेंच प्रसिद्ध झालें. पुढें ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तोच बिघाड ट्रान्झिस्टरांकडून मुद्दाम घडवून घेतला व १९६२ सालीं तो डब्यांत बसून बाजारांत आला. माणसानें चूक सुधारण्याऐवजीं तिची किंमत ठरविली, असें म्हणावयास हरकत नाहीं!

१९६६ सालीं लंडनांत निघालेला फझ फेस नांवाचा वाटोळा डबा रचनेनें फारच साधा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि फिरविण्याचे दोन पॉट. अकरा वस्तू झाल्या कीं संपलें. नऊ व्होल्टांची एक बॅटरी त्याला पुरते. पहिला ट्रान्झिस्टर स्वराची लाट मोठी करतो, दुसरा ती आणखी मोठी करूं पाहतो. परंतु नऊ व्होल्टांच्या छपरापलीकडे तिला जागाच नाहीं. मग लाटेचे माथे सपाट कापले जातात, आणि त्या कापलेल्या कडांतून नवे उपस्वर उठतात. तारेचा कंप मंदावला तरी माथे कापले जाणें चालूच राहतें, म्हणून स्वर लवकर विरत नाहीं. ढोलताशांच्या गदारोळांत बेंजोवाल्याला हवें असतें तें हेंच.

हा बेंजो म्हणजे वस्तुतः बुलबुलतरंग. १९१२ सालीं जपानांतील नागोया येथें मोरिता गोरो यांनीं रचलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. त्याच्या तारा पोलादी, म्हणून गिटारचें लोहचुंबकी पिकअप त्यालाहि चालतें.

आमच्या जळगांवांतील ओळखीच्या एका बेंजोवाल्या आप्पांसाठीं मीं हा डबा करावयास घेतला तो माघांत. जुन्या रेडिओंतून काढलेले एसी १२८ जातीचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर माझ्यापाशीं होते, आणि जर्मेनियमचा स्वर अधिक गोड असतो असें मीं अनेक ठिकाणीं वाचलेलें. तांब्याच्या पट्ट्यांचा सर्किट-बोर्ड घेतला, नको तेथें पट्टी तोडली व एकेक पाय खोंवून डाख दिला. डाख कच्चा राहिला तर तो मातकट व गोळीसारखा दिसतो. पक्का असला तर चकचकीत आणि पसरलेला. ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यांत धरूनच डाख द्यावा, म्हणजे उष्णता चिमटा पितो. या जातीच्या जोडणींत बॅटरीची धन बाजू जमिनीच्या तारेला जाते. मीं प्रथम उलट जोडली आणि अर्धा तास निःशब्द बसलों. शेवटीं दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, भरले. आप्पांनीं एक सूर छेडला आणि हंसून मान डोलावली.

वैशाखांत धुळ्यास लग्न होतें. दुपारीं चारचा सुमार, नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या पाराकडे निघालेली, डबा गाडीच्या पत्र्यावर. निम्म्या वाटेवर सूर तुटूं लागले, मग घशांत अडकल्यासारखे झाले. आप्पांनीं कळ बंद करून उरलेली मिरवणूक साध्या स्वरावर निभावली. बँडच्या मालकाचे बोल त्यांनाच ऐकावे लागले. संध्याकाळीं मला भेटून ते अहिराणींत एवढेंच म्हणाले, "भाऊ, तुमना डबाले ऊन लागनं."

निदान अगदीं बरोबर होतें. जर्मेनियममधून नको असलेला प्रवाह नेहमींच थोडा पाझरत असतो आणि तपमान दहा अंश चढलें कीं तो सुमारें दुप्पट होतो. माघांतल्या संध्याकाळचे वीस अंश आणि खान्देशचे पंचेचाळीस, म्हणजे पांच-सहा पट पाझर; तापलेल्या पत्र्याची गोष्ट वेगळीच. डबा उन्हांत ठेवून मीं मोजलें, तेव्हां साडेचारांच्या जागीं सातांच्या वर आंकडा गेला होता. हीं पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं, हें माझ्या ध्यानांत यावयास हवें होतें.

दुसरा डबा बीसी १०८ या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरांवर केला. त्यांचा पाझर सहस्रांशाहूनहि कमी. मात्र हे उलट जातीचे, म्हणून बॅटरी व ध्रुव असलेले कंडेन्सर उलटे बसवावे लागतात. स्वर जरा धारदार निघाला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेस व कलेक्टरमध्यें शंभर पिकोफॅरडचा बारीक कंडेन्सर टाकल्यावर तो निवला. तरी आप्पांचें मन पहिल्यावरच आहे. त्यांच्या पेटींत आतां दोन्ही डबे असतात. माघ-फाल्गुनांतील लग्नांना ते जर्मेनियमचा काढतात, चैत्र उजाडला कीं मला निरोप येतो, "दुसऱ्याची बॅटरी बदलून ठेवा."