बॅटरी कोणाच्या मालकीची?

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विजेच्या मोटारीचा विषय निघाला की मध्यमवर्गीय घरांतून हमखास एक प्रश्न येतो. ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये विजेची जोडणी नाही, मग बॅटरी काढून घरी आणता येणार नाही का?’ प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पोटात मालकीचा मोठा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. लिथियम-आयन बॅटरीत एक युनिट वीज साठवायची तर वेष्टनासह साधारण सहा ते आठ किलो वजन होते. स्कूटरला दोन-तीन युनिटे पुरतात. तैवानच्या गोगोरो कंपनीने २०१५ साली हाताने उचलता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर आणली, ती याच कारणाने. लहान मोटारीला मात्र वीस ते तीस युनिटे हवीत, म्हणजे दीडशे-दोनशे किलो! शिवाय हा संच मोटारीच्या तळाशी बोल्टांनी जखडलेला असतो, त्यातील विद्युतदाब बहुधा तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. गृहस्थाने पाना घेऊन खाली वाकावे, असे हे काम नव्हे.

मग यंत्राने बदलावी काय? ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराची वीज कंपनी १९१० ते १९२४ या काळात हा व्यवहार करीत होती. ग्राहक बॅटरीविना गाडी घेई आणि मैलागणिक पैसे भरी. पुढे २००७ साली शाय अगासी यांनी ‘बेटर प्लेस’ ही कंपनी काढली. सुमारे पाव टनाची बॅटरी तिचे यंत्र पाचेक मिनिटांत बदलत असे. सुमारे ८५ कोटी डॉलरचे भांडवल उभे राहिले, आणि २०१३ च्या मे महिन्यात दिवाळे निघाले! यंत्र उत्तम चालत होते. परंतु त्या मापाची मोटार एकट्या रेनो कंपनीने, तीही एकाच प्रकारची बनविली. इतर कारखानदार आले नाहीत आणि केंद्रे ओस पडली.

आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर रोज दिसते. गॅसचा सिलिंडर कंपनीचा, अनामत आपली. १४.२ किलोचे माप ठरलेले, रेग्युलेटर बसण्याची पद्धत ठरलेली. म्हणूनच रिकामा देऊन भरलेला घेताना आपल्याला क्षणभरही विचार करावा लागत नाही. बॅटरीच्या बाबतीत केंद्र सरकारने २०२० मध्ये बॅटरीविना वाहनांच्या विक्रीला व नोंदणीला मुभा दिली; २०२२ च्या अर्थसंकल्पात अदलाबदलीचे धोरण घोषित झाले आणि त्याच एप्रिलमध्ये नीती आयोगाने मसुदा मांडला. त्याचा भर दुचाकी-तीनचाकींवर होता, हे वजनाचा हिशेब पाहता योग्यच म्हटले पाहिजे. तरीही आज एका कंपनीच्या स्कूटरची बॅटरी सहसा दुसरीच्या स्कूटरमध्ये बसत नाही. करांचीही गंमत पाहा: बॅटरीसह वाहनावर ५ टक्के जीएसटी, सुट्या बॅटरीवर १८ टक्के!

कारखानदार म्हणतात, एकच माप लादले तर संशोधन खुंटेल. या म्हणण्यात तथ्य आहे. आतले रसायन झपाट्याने बदलते आहे. म्हणून आतले मोकळे सोडावे आणि बाहेरचे ठरवावे. डब्याचा आकार, जोडणीचे टोक, विद्युतदाब आणि गाडीशी संवाद साधणारी सांकेतिक भाषा, एवढे समान असले की पुरे.

स्वदेशी म्हणजे केवळ साबण आणि शीतपेय नव्हे. खनिज तेलाची आपली ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीतून भागते. ते परावलंबन सोडवायला निघालो आणि चिनी सेलच्या परावलंबनात अडकलो, तर काय साधले? सेल देशात बनावेत म्हणून २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली खरी, पण मापे परक्यांची राहिली तर आपला लहान उद्योजक त्या बाजारात शिरणार कसा?

तोवर मोटार घेणाऱ्यांनी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. हमीची मुदत संपल्यावर बॅटरीची किंमत काय पडेल? आणि एखादा भाग निकामी झाला तर तेवढाच बदलून मिळेल, की सगळा संच? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.