काठवटीचा डाग

श्रोतेहो, कविता ऐकायला मिळेल म्हणून कुणी रेडिओ लावला असेल, तर त्याचा आज थोडा विरस होणार आहे. आज मी लाकूड जाळण्याविषयी बोलणार आहे. चुलीतलं नव्हे. पाट, चौरंग, मसाल्याचा डबा, कुराण ठेवायची रेहल अशा घरातल्या वस्तूंवर तापल्या टोकानं नक्षी डागायची आणि मग ती रंगवायची, हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद.

सुरुवात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या जुन्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं झाली. पहिला पाट पार बिघडला. टोक लाकडावर टेकवून मग हात हलवायचा, असं मी करत होतो. त्यामुळे प्रत्येक रेषेच्या तोंडाशी काळा ठिपका. पुढे कळलं की हात आधी चालू हवा, चालता चालता टोक टेकलं पाहिजे आणि चालता चालताच उचललं पाहिजे. कवितेतली ओळ खोडता येते. इथे फार तर काचकागदानं घासायचं, आणि तिथे खळगा पडतो.

लाकडाचेही स्वभाव असतात. शिवण फिकट, एकसारखी, तिच्यावर रेघ गुळगुळीत चालते. सागवान तेलकट, धूर फार करतं. प्लायवूडच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यातला सरस जळून निघणारा धूर छातीला वाईट. रंग नेहमी डागल्यानंतरच, आधी नाही. जळालेल्या खाचेचा एक गुण असा की पातळ रंग तिथे बांधाशी पाणी थांबावं तसा थांबतो, शेजारच्या पाकळीत उतरत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाखकामाची खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं लाख वितळते आणि रंग चढतो. तिथे उष्णता नि रंग एकत्र नांदतात. माझ्याकडे दोघांच्या वेळा वेगळ्या. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात. पण जिथे पीठ किंवा अन्न लागतं, तिथे रंगही नाही नि पॉलिशही नाही.

आता काठवटीची गोष्ट. अम्मा गेल्यावर माळ्यावर तिची काठवट सापडली. एकसंध लाकडाची, मधे भाकऱ्या थापून थापून गुळगुळीत झालेली. काठावर तळहाताएवढा काळा डाग. तो माझा. दहावीच्या अभ्यासाला मी ती पालथी घालून तिच्यावर चिमणी ठेवायचो. एका रात्री डोळा लागला, चिमणी कलंडली. अम्मानं वासानं उठून गोधडी टाकली. अब्बांना सकाळी सांगितलं, तवा ठेवला गेला चुकून. खोटं बोलण्याची तिला अजिबात सवय नव्हती. अब्बांना ते कळलंच असणार.

मी ठरवलं, या डागातून एक वेल काढायची. पानाफुलांत डाग असा जिरवायचा की कुणाला ओळखू येऊ नये. पेन्सिलनं आखणी झाली. दोन पानं डागलीसुद्धा. मग मोठ्या बहिणीला, आपाला फोन केला. वाटलं, खूश होईल.

आपा जराशी गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला विचारावंसं वाटलं नाही का रे? ती काय तुझी एकट्याची अम्मा होती?"

मी म्हटलं, डाग माझा आहे. ती म्हणाली, "डाग तुझा, काठवट तिची. आणि तू त्या रात्री झोपलास. घाबरून रडत बसले ती मी."

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या एका कवितेत ती रात्र आहे. तीत अम्मा आहे, चिमणी आहे, आपा नाहीच.

डागलेली दोन पानं पुसता येत नव्हती. म्हणून वेल काठाच्या पलीकडच्या बाजूनं नेली. डागापासून दोन बोटं अलीकडे ती थांबते, नि पलीकडे दोन बोटांवर पुन्हा सुरू होते. रंग कुठेच दिला नाही. आपा ईदला आली तेव्हा डागावरून अंगठा फिरवला, वेलीविषयी काही बोलली नाही, आणि काठवट पिशवीत घालून घेऊन गेली.

परवा तिचा फोन होता. भाकरी चांगली होते म्हणाली. वेलीच्या खाचेत पीठ अडकतं, ते काढायला जुना टूथब्रश लागतो.