पडदा, ध्वनि आणि वीज

प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावर वसलेल्या संगमनेरांत ज्येष्ठाचा पहिला पाऊस गडगडाटासह येतो. आणि ज्या घरीं मोठा टीव्ही व होम थिएटर मांडलेलें असतें, तेथें चिंताही येते. ती अकारण नव्हे. घरगुती वीज २३० व्होल्टची. परंतु वादळांत न्यूट्रल तार तुटली, तर तोच दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊं शकतो. अशा वेळीं एमसीबीवर विसंबणें व्यर्थ होय. कारण तो वाढत्या प्रवाहाला अडवितो, वाढत्या दाबाला नव्हे.

स्पाइक गार्ड दाबाचा झटका अर्थिंगकडे वळवितो. तें अर्थिंगच खंडित असेल, तर त्याचें बळ उणें होतें. म्हणून सुज्ञ गृहस्थानें प्रथम वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें, उन्हाळ्यांत मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यांत पाणी घालावें, आणि दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें उपकरण बसवावें.

आभाळ भरून येतांच प्लग काढावा, तशीच डिशची तारही; आकाशांतली वीज त्या वाटेनेंही शिरते. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर तारांना स्पर्श करूं नये. संच पुन्हां विकत मिळेल. पण श्रोतेहो, मनुष्य मिळणार नाहीं.