तलावातील मासे आणि आपले सांडपाणी
(न्यासाच्या महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



न्यासाच्या महोत्सवात दानधर्माविषयी बोलणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र आज तलावातील माशांविषयी चार शब्द बोलणार आहोत. कारण त्यांच्या हालांचा उगम आपल्याच मोऱ्यांत आहे.

बेळगावचा बळ्ळारी नाला शहराचे सांडपाणी घेऊन शेतशिवारातून कसा जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. नाल्याचे पाणी निदान पुढे सरकते. तलावात शिरलेली घाण तेथेच साचते. निपाणीहून तासाभराच्या वाटेवरील कोल्हापूरच्या रंकाळ्याचेच पाहा. सुमारे १०७ हेक्टरांचा हा तलाव. भोवती वस्ती वाढली, तसे नाल्यांतून सांडपाणी त्यात उतरू लागले. कधी केंदाळाने पाणी झाकले गेले, कधी शेवाळाने ते हिरवेगार झाले, आणि मेलेले मासे काठाला लागलेलेही कोल्हापूरकरांनी पाहिले.

हे घडते कसे? सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे शेवाळाला खतच होय. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, परंतु रात्री तोच शोषून घेते. आणि मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरलाही संपतो. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो ५ च्या खाली उतरला की बहुतेक माशांना त्रास होऊ लागतो. अशा तलावात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, ते यामुळेच.

येथे आपली एक फसगत होते. जाळे रिकामे येत नाही, म्हणून तलाव ठीक आहे असे आपण समजतो. मरळ व मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून तगतात. मूळची आफ्रिकेतील चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. ती थोड्या प्राणवायूवर जगते, तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि तिची वीण वाढतच जाते. काठच्या गवतावर किंवा तळच्या वाळूत अंडी घालणाऱ्या लहान जातींची जागा मात्र काळा गाळ बळकावतो. टोपली भरलेली दिसते. पण तीत एकाच जातीचा भरणा असतो. त्या जातीवर रोग आला, तर तलावावर पोट भरणाऱ्या भोई बांधवांनी काय करावे?

केंदाळ काढले, कारंजी बसविली, एवढ्याने हे थांबत नाही. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून तलावात येता कामा नये. ते काम नगरपालिकांचे खरे. त्यासाठी आपण एकजुटीने मागणी केली पाहिजे. पण निर्माल्य व मूर्ती तलावात न सोडणे, जेथे जागा आहे तेथे शोषखड्डा करणे, हे आपल्या हातचे आहे. तसेच आपल्या तरुणांनी भोई मंडळींना विचारून, कोणता मासा मिळतो व कोणता दिसेनासा झाला, याची वही दरवर्षी लिहावी, अशी आमची सूचना आहे.

तलाव खोदणे हे आपल्या वाडवडिलांनी पुण्यकर्म मानले. तो जिवंत राखण्याचे काम आपल्याकडे आले आहे. न्यासाने ते आपल्या कार्यात सामावून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.