वस्तूचे नाव कोणी ठेवायचे?

(कुंभारी, जि. सोलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयात-जकातीचे दरपत्रक हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा निघत नाही. मोर्चे निघतात ते महागाईविरुद्ध, भाडेवाढीविरुद्ध, मजुरीसाठी. दरपत्रक मात्र कारकून, दलाल आणि वकील यांच्यावर सोपवलेले असते. वस्तुतः महागाईचा एक उगम त्या पुस्तकातच आहे. कोणत्या वस्तूवर किती कर घ्यावा हे संसद ठरवते. परंतु बंदरावर उतरलेली वस्तू नेमकी कोणती, हे ठरते बंदरावरच्या कचेरीत आणि पुष्कळदा बऱ्याच वर्षांनी न्यायालयात. कराचा भार किती, हे दराइतकेच नावावरही अवलंबून असते.

कुंभारीला हे वेगळे समजावून सांगायला नको. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत येथे उभी राहिली आणि २००६ साली ती घरे त्यांच्या ताब्यात आली. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा तेंदूच्या पानावर १८ टक्के कर बसला आणि त्याच पानात तंबाखू भरून वळलेल्या विडीवर २८ टक्के. पान तेच, वळणारे हातही तेच. दोरा बांधताच नाव बदलले आणि नावाबरोबर कर बदलला. या वसाहतीतून शहराकडे धावणाऱ्या रिक्षाच्या रबरी भागांची कथा याहून निराळी नाही.

रिक्षा, ट्रॅक्टर किंवा मालमोटार घ्या. इंजिनाखालचे रबरी माउंटिंग, स्प्रिंगचा बुश, दाराची बीडिंग, रेडिएटरचा होज, फॅन बेल्ट, ट्यूब, टायर, हे सारे सामान्य माणसाच्या लेखी गाडीचे सुटे भाग. जकातीच्या पुस्तकात त्यांची घरे वेगवेगळी आहेत. होज ४००९ मध्ये, पट्टा ४०१० मध्ये, नवा टायर ४०११ मध्ये, जुना किंवा रिमोल्ड केलेला ४०१२ मध्ये, ट्यूब ४०१३ मध्ये, आणि व्हल्कनाइज केलेल्या रबराच्या इतर वस्तू ४०१६ मध्ये. मोटारींच्या सुट्या भागांचे घर मात्र ८७०८. हे आकडे मनमानी नव्हेत. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचे परिशिष्ट १९८६ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौकटीत बसवलेले आहे. त्यातील सतराव्या विभागाची दुसरी टीप सांगते की, कडक रबर वगळता व्हल्कनाइज केलेल्या रबराच्या वस्तू वाहनाचे ‘भाग’ मानू नयेत, मग त्या वाहनाखेरीज दुसरीकडे कोठेही उपयोगी पडत नसल्या तरी.

नियम वाचायला सोपा आहे. अडचण वस्तूच्या घडणीत आहे. माउंटिंगमध्ये रबराला लोखंडी पट्टी चिकटवलेली असते, बुशमध्ये रबराभोवती पोलादी नळी असते. अशा मिश्र वस्तूचा मूळ गुण रबराचा की लोखंडाचा? कंप शोषतो तो रबर, भार पेलते ते पोलाद. अधिकारी एक बाजू घेतो, आयातदार दुसरी. यामागे किती पैसा आहे, हे हिशेबाने पाहावे. २०१८ च्या अंदाजपत्रकात ८७०८ मधील भागांचे मूळ शुल्क १५ टक्क्यांवर गेले. ४०१६ चे १० टक्के होते. त्याच वर्षी मूळ शुल्काच्या दहा टक्के इतका समाजकल्याण अधिभार आला. वर वस्तू व सेवा कर पहिल्यावर २८ टक्के, दुसऱ्यावर १८ टक्के. शंभर रुपयांचा माल ‘मोटारीचा भाग’ ठरला तर एकूण कर सुमारे ४९ रुपये. ‘रबराची वस्तू’ ठरला तर सुमारे ३१ रुपये. वस्तूत काडीचाही फरक नाही. नावाची किंमत अठरा रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या भागांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आणि हीच तफावत त्याच हिशेबाने साडेसहा रुपयांपर्यंत उतरली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, वर्गीकरणाचा कोणताही वाद न्यायालयात न सुटता केवळ दर समान केल्याने त्याचे बळ दोन-तृतीयांशाने घटले.

नोंदणीकृत व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कराची वजावट मिळते. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला आणि रिक्षावाल्याला ती मिळत नाही. दरपत्रकातील प्रत्येक संदिग्धतेचा शेवटचा भार म्हणून त्यांच्याच खिशावर येतो.

न्यायालयांनी यावर एकच उत्तर दिले असते तर निदान निश्चिती लाभली असती. १९७५ साली डनलॉप आणि मद्रास रबर फॅक्टरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे टायरच्या धाग्यासाठी आयात केलेल्या व्ही. पी. लॅटेक्सचा प्रश्न आला. न्यायालयाने तो कच्च्या रबराच्या सदरात घातला आणि वस्तूचा पुढील वापर काय, हा निकष गैरलागू मानला. ज्या वस्तूला स्वतःचे घर आहे तिला ‘इतर वस्तूं’च्या अनाथालयात धाडू नये, असा त्या निकालाचा आशय होता. २०२० साली युनि प्रॉडक्ट्स प्रकरणात मोटारीच्या चटया केवळ मोटारीत बसत असल्या तरी त्या चटयाच, असे ठरले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२१ मध्ये, वेस्टिंगहाउस सॅक्स्बी फार्मर प्रकरणात रेल्वे सिग्नलचे रिले केवळ रेल्वेसाठीच बनतात म्हणून ते रेल्वेच्या सदरात गेले. येथे वापर निर्णायक ठरला. या निकालाचा आधार घेऊन मोटारीत बसणारी प्रत्येक वस्तू ८७०८ मध्ये ढकलली जाईल, अशी धास्ती निर्माण झाली. अखेर जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला सूचना काढून अधिकाऱ्यांना सांगावे लागले की, सरसकट निर्णय न करता विभागांच्या व प्रकरणांच्या टीपा आणि प्रत्येक वस्तूची वस्तुस्थिती पाहावी.

दरम्यान जबाबदारी कोणाच्या गळ्यात आहे? २०११ पासून आयातदाराने स्वतःच वस्तूचे नाव ठरवून शुल्क भरायचे, अशी पद्धत आहे. मोठ्या कंपनीच्या पदरी वकिलांचा ताफा असतो. ती आगाऊ निर्णय मागू शकते, दहा वर्षे खटला लढवू शकते. महिन्याकाठी चार पेट्या माल आणणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला हे झेपत नाही. तो वादापेक्षा जास्त दर पत्करतो आणि तो गिऱ्हाइकावर टाकतो. कायद्यापुढे दोघे समान. कायद्याच्या संदिग्धतेपुढे मात्र समान नाहीत.

यावरून ‘आयात शुल्क सरसकट उतरवा’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रबराच्या दुसऱ्या टोकाला केरळचा छोटा बागाईतदार उभा आहे. नैसर्गिक रबरावर २०१५ पासून २५ टक्के किंवा किलोमागे ३० रुपये, यांपैकी जे कमी ते शुल्क आहे. परंतु त्याच रबरात थोडी रसायने मिसळली की ते ‘मिश्रित रबर’ होई आणि दर दहा टक्क्यांवर येई. बागाईतदाराला दिलेले संरक्षण एका शब्दाच्या फटीतून गळत होते. २०२३ च्या अंदाजपत्रकाने मिश्रित रबराचा दर नैसर्गिक रबराच्या बरोबरीला आणला तेव्हा ती फट बुजली. तेथेही उपाय तोच होता: एकाच कामाच्या दोन नावांवर एकच दर.

टायरच्या बाबतीत तर दरावर न थांबता परवानाही परत आला. आयातीवरील संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली होती. १२ जून २०२० च्या आदेशाने मोटारी, बस, मालमोटारी, स्कूटर यांच्या नव्या टायरांची आयात पुन्हा ‘निर्बंधित’ झाली. देशी कारखानदारीला संरक्षण हवे, हे समाजवादी विचाराला अमान्य नाही. मात्र संरक्षण ही समाजाने उद्योगाला दिलेली उधारी आहे आणि तिचा हिशेब मागण्याचा हक्क समाजाला आहे. २०११-१२ च्या काळात संगनमताने किमती राखल्याबद्दल स्पर्धा आयोगाने पाच टायर-कंपन्यांना एकूण १,७८८ कोटी रुपयांचा दंड केल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये ते प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले, तेव्हा दोष सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. प्रश्न मात्र उरतोच: बाहेरचा टायर अडवल्यावर आतल्या टायरच्या किमतीवर लक्ष कोण ठेवणार?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. वाहनाच्या एकाच कामाच्या भागांवर, ते रबराचे असोत की रबर-लोखंडाचे, मूळ शुल्क एकच असावे. म्हणजे नावावरून होणारा वाद निरर्थक होईल. वर्गीकरणाचे निर्णय मराठीसह भारतीय भाषांत, वस्तूच्या बाजारातल्या नावानिशी प्रसिद्ध व्हावेत. अर्थाबद्दल प्रामाणिक मतभेद असेल तेथे छोट्या आयातदाराकडून फरक घ्यावा, दंड नको. आणि ज्या उद्योगाला आयातबंदीचे कवच मिळते त्याने किमती, मजुरी आणि बागाईतदाराला दिलेला भाव यांचा जमाखर्च दरवर्षी जनतेपुढे ठेवावा.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत, परंतु त्या करण्यासाठी दरपत्रक वाचावे लागेल. विडी कामगार स्त्रियांनी हजार विड्यांचा दर, छाटणीत बाद होणाऱ्या विड्या आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब शिकून घेतला, तेव्हाच त्यांना कारखानदारापुढे बोलता आले. रिक्षाचालकांच्या संघटनांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ४०१६ आणि ८७०८ या दोन आकड्यांपासून तसाच आरंभ करावा.