किशोरवयीन मनाच्या उपचारांची तरतूद



 परिषदेच्या अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा आपल्याकडे प्रघात आहे. तो आजच्यापुरता बाजूला ठेवून, मनोविकारांवर उपचार करणाऱ्या वैद्याच्या नजरेस नित्य पडणारा, परंतु आपल्या व्यासपीठांवर क्वचितच उच्चारला जाणारा असा जमाखर्चाचा प्रश्न मी आपणापुढे मांडणार आहे. घरातील तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाचे वा मुलीचे मन आजारी पडले असता त्याच्या उपचारांची आखणी कोणी करावी आणि त्यांचा खर्च कोणी, कोणत्या रीतीने व किती काळ सोसावा, हा तो प्रश्न होय.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षे वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरीने चार मुले अशी, की ज्यांना वैद्यकीय साहाय्याची गरज आहे. मनोविकारांपैकी निम्मे विकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच मूळ धरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही ज्या वयात उपचार सर्वांत फलदायी व्हावयाचे, त्याच वयातील औदासीन्यास आपण आळस म्हणतो, भयास नखरे म्हणतो, आणि दहावी-बारावीचे वर्ष पार पडेपर्यंत सारे काही तहकूब ठेवतो.

या दिरंगाईचा पहिला परिणाम कुटुंबाच्या गाठीच्या पैशावर होतो. मुलगी जेवत नाही, झोपत नाही, शाळेचे नाव काढताच तिला घाम फुटतो, असे दिसू लागले की प्रथम देवरुषी, मग गावातील डॉक्टर, मग रक्ताच्या तपासण्या, मग मेंदूचे छायाचित्र, अशा मार्गाने फिरत फिरत ते कुटुंब मनोविकारतज्ज्ञाच्या दारी येते. आणि येते तेव्हा रोग जुना झालेला असतो व हातची रक्कम खर्ची पडलेली असते. वस्तुतः या विकारांवरील कित्येक गोळ्या महाग नाहीत. औदासीन्यावरील फ्लुओक्सेटिनसारखे औषध तर देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतच आहे. खरा खर्च आहे तो काळाचा. औषधाचा गुण दिसावयास काही आठवडे जावे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ते कित्येक महिने चालू ठेवावे लागते. समुपदेशकाकडे आरंभी दर आठवड्यास जावे लागते. चंदगड वा गगनबावड्याहून कोल्हापूर शहरात यावयाचे तर एसटीचे भाडे दोघांचे, आणि सोबत येणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो तो वेगळाच. थोडी रक्कम, परंतु वारंवार आणि दीर्घकाळ, असे या खर्चाचे स्वरूप आहे. आणि ते ठाऊक नसल्यामुळेच पहिली सुधारणा दिसताच अर्ध्यावर उपचार सोडून देणारी कुटुंबे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत.

म्हणून माझे पहिले निवेदन माझ्याच व्यवसायबंधूंना आहे. आपण औषधाची चिठ्ठी लिहितो, त्याचप्रमाणे पहिल्या वा दुसऱ्या भेटीतच पालकांच्या हाती उपचारांची आखणीही लिहून द्यावी: निदान काय, उपचार अंदाजे किती महिने, भेटी किती अंतराने, त्यांतील कोणत्या दूरध्वनीवर होऊ शकतील, औषधांस दरमहा किती लागेल, आढावा कोणत्या तारखेस, आणि मध्येच प्रकृती बिघडून जीव धोक्यात येईल असे वाटल्यास रात्री-अपरात्री कोठे जावयाचे. ही आखणी कुटुंबाच्या आवकेच्या लयीशी जुळली पाहिजे. आमच्या जिल्ह्यात उसाचे बिल हंगामात येते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी हाती पडते, आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावरील कामगारास आठवड्याचा पगार असतो. ज्या घरी दुधाच्या बिलावर रोजचा खर्च चालतो, त्या घरास उसाच्या बिलातून वर्षाच्या उपचारांची रक्कम पतसंस्थेत वेगळी ठेवण्याचा सल्ला वेळीच मिळाला, तर फाल्गुनात सुरू केलेले औषध श्रावणात बंद पडणार नाही. समुपदेशनासाठी जाताना समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली चिकित्सक मानसतज्ज्ञ आहे की काय, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे, हेही आपणच त्यांना सांगावे.

या आखणीत ज्याच्यासाठी ती करावयाची, त्या मुलाला स्थान असले पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापासून खर्च लपवून ठेवता येत नाही; तो दाराआडून सारे ऐकत असतो, आणि आपल्यापायी घर कर्जात बुडाले हा विचार औदासीन्याने ग्रासलेल्या मनात विषासारखा भिनतो. त्यास हिशेब सांगावा तो निश्चिंत करण्यासाठी: इतके महिने लागतील, इतकी तजवीज केलेली आहे, आणि धाकट्या भावाच्या पडशाच्या औषधाबद्दल जसे कोणी त्याला ऋणी धरीत नाही तसे तुलाही कोणी धरणार नाही. उपचारांच्या खर्चाचा उल्लेख भांडणात शस्त्र म्हणून एकदा जरी झाला, तरी कित्येक भेटींचे फळ वाया जाते.

आता राज्याच्या कर्तव्याकडे वळू. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरविला, मुलांसाठीच्या सेवांचा त्यात नामनिर्देश केला, दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस शासकीय संस्थांत उपचार विनामूल्य ठरविले, आणि विमा कंपन्यांनी मनोविकारास शारीरिक रोगाच्याच पायावर संरक्षण द्यावे असा दंडक घातला. अज्ञान रुग्णास दाखल करावे लागल्यास त्यास प्रौढांपासून वेगळे ठेवावे, आणि पालक वा त्याने नेमलेली व्यक्ती संपूर्ण मुदतभर त्याच्याजवळ राहिलीच पाहिजे, अशी दयार्द्र तरतूदही त्यात आहे. परंतु जवळ राहणाऱ्या त्या आईच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद मात्र कोठेच नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना घ्या किंवा खाजगी विमापत्रे घ्या, त्यांचा भर मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. किशोरवयीन मनोरुग्णांपैकी बहुसंख्यांना खाटेची गरज कधी पडतच नाही. त्यांना हवी असते दर आठवड्याची शांत तासाभराची भेट, आणि नेमका हाच खर्च बहुतांश विम्यांच्या कक्षेबाहेर राहतो. रोग विकोपास जाऊन खाट लागेपर्यंत जी व्यवस्था हात आखडून बसते, ती अखेरीस अधिक पैसा खर्च करून कमी आरोग्य विकत घेते.

ही गोष्ट या कोल्हापूर नगरीत बोलताना मला एका जुन्या हुकुमाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१७ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या हुकुमातील सक्ती सर्वांच्या लक्षात राहिली; परंतु संस्थानचा खजिना लहान असताना त्यांनी त्या सक्तीमागे शाळांचा खर्च उभा केला, आणि त्याच्या आधीपासून, १९०१ पासून, निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका या शहरात उभी राहू लागली होती, हे अधिक महत्त्वाचे आहे. गरीब मुलास शाळेत बसावयाचे तर त्याच्या राहण्याजेवणाचाही भार कोणी तरी उचलला पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. बरोबर शंभर वर्षांनी केंद्राने मनाच्या आरोग्याचा हक्क दिला. त्या हक्कास अजून वसतिगृहे लाभावयाची आहेत.

तेव्हा या परिषदेने पुढील गोष्टींचा पाठपुरावा करावा, अशी माझी विनंती आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. जिल्ह्यातील प्रत्येक संस्थाचालकाने ही नेमणूक आपल्या अंदाजपत्रकात दाखवावी, आणि लहान शाळांनी एकत्र येऊन एकाचे वेतन वाटून घ्यावे. ज्यास जुने कोल्हापूरकर अजून थोरला दवाखाना म्हणतात, त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात शाळा सुटल्यानंतरच्या वेळी किशोरवयीनांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालावा, म्हणजे उपचारांसाठी मुलाची शाळा आणि आईचा रोजगार दोन्ही बुडणार नाहीत. भेटींचा आणि समुपदेशनाचा खर्च शासकीय योजनेत व विम्यात समाविष्ट व्हावा. टेलिमानस या शासकीय दूरध्वनी-साहाय्यसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा. आणि साखर कारखाने, दूधसंस्था, पतपेढ्या यांनी सभासदांच्या मुलांच्या उपचारांसाठी प्रवासभाडे व बुडीत मजुरी देणारा लहानसा निधी ठेवावा. समाजाच्या पैशातून मनाचे उपचार उभे राहतात, याचा दाखला महाराष्ट्रात आहे: १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी व्यसनी रुग्णांसाठी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचे बळ होते.

सहकाराच्या बळावर ज्या जिल्ह्याने शेतकऱ्याच्या उसास आणि दुधास भाव मिळवून दिला, त्या जिल्ह्यास ही तरतूद करणे अशक्य आहे असे मी मानीत नाही. येथे जमलेले शिक्षक, वैद्य आणि संस्थाचालक यांनी आपापल्या संस्थेच्या पुढील वार्षिक सभेत या खर्चाचे एक कलम मंजूर करून घ्यावे, आणि ते किती संस्थांनी केले याची मोजदाद पुढील अधिवेशनाच्या अध्यक्षाने याच व्यासपीठावरून करावी, एवढी माझी सूचना आहे.